‘बाबूजी, क्लच फार जड आहे’

मागील महिन्यात वारसनोंदीविषयी लिहिल्यानंतर काही वाचकांनी कळवले की, बँक व कागदपत्रे सोडून कधी घरातल्या व्यवहारावरही लिहावे. आज तसेच लिहितो आहे. विषय मोटारीच्या क्लचचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, आयुष्य खातेवहीत गेलेले, तेव्हा यंत्रशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार तो किती, हे मी जाणतो. तरीही लिहितो, कारण या प्रकरणात चूक यंत्राची थोडी आणि माझी पुष्कळ होती.

आमची गाडी नऊ वर्षांची, लहान, पेट्रोलवर चालणारी. दुकान व घर दोन्ही डोणगावात असल्याने तिची नित्याची धाव मेहकर, मालेगाव, वाशीम आणि महिन्या-दोन महिन्यांनी अकोला अशी. निवृत्तीनंतर ती बहुतांशी मीच चालवतो. चिरंजीव दुकानात अडकलेले असतात, आणि त्यांना गाडीपेक्षा मोटारसायकल सोयीची वाटते.

सूनबाई जालन्याच्या. माहेरी वडिलांची गाडी चालवत असत, परवाना लग्नाआधीचा. लग्नानंतर काही दिवसांनी मी हौसेने किल्ली त्यांच्या हाती दिली. बसस्थानकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “बाबूजी, क्लच फार जड आहे.” मी हसून उत्तर दिले, “सवय होईल, बेटा.”

पुढे एका लग्नाहून आम्ही मलकापूरहून परतत होतो. मलकापूरकडून बुलढाण्याला येताना राजूर घाट चढावा लागतो, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना सांगणे नको. माझी कंबर अवघडली होती म्हणून सूनबाई चालवत होत्या. वळणावर पुढचा ट्रक थांबला, आपली गाडीही थांबली. ट्रक पुढे सरकला तेव्हा गाडी सुरू होण्याऐवजी बंद पडली आणि हात-दोन हात मागे घरंगळली. मागच्या जीपने कर्कश हॉर्न वाजवला. मी हँडब्रेक खेचला आणि त्या घाईत मोठ्या आवाजात जे बोललो ते बोलायला नको होते. घाटात गाडी चालवणे हे बायकांचे काम नव्हे, असा त्याचा आशय होता. मागे सौ. होत्या, नात होती. सूनबाई मुकाट्याने उतरल्या, मी चालकाच्या जागी बसलो. त्यानंतर अकरा महिने त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आम्ही कोणी आग्रहही केला नाही. घरात एक गोष्ट ठरून गेली होती, एवढेच.

उलगडा झाला तो माझ्या गुडघ्यामुळे. डावा गुडघा दुखू लागला. वयाचे दुखणे समजून मी तेल चोळत राहिलो. दिवाळीला पुण्याहून भाचा आला. अंगणातली गाडी बाजूला घेण्यासाठी तो आत बसला, दोन मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, “मामा, ही गाडी तुम्ही चालवता तरी कशी? क्लच आहे की दगड?”

बँकेत असताना मी काही वर्षे निरीक्षण विभागात होतो. ज्या शाखेत वर्षानुवर्षे एखादी चूक चालत आलेली असते, तेथील मंडळींना ती दिसत नाही. ती लबाडी नसते, डोळ्यांना तिची सवय झालेली असते. बाहेरून आलेला निरीक्षक पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिच्यावर बोट ठेवतो. क्लचचे जडपण एका रात्रीत येत नाही. आज तोळाभर, उद्या तोळाभर असे ते वाढते, आणि रोजचा पाय नकळत तेवढा जोर वाढवत जातो. नव्या पायाला मात्र ते पहिल्याच दाबाला कळते. भाच्याच्या आधी सूनबाईंनी नेमका हाच शेरा दिला होता. मी त्याची पूर्तता न करता शेरा लिहिणाऱ्यालाच दोषी ठरवले होते.

मग मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडतो.

इंजिन सतत फिरत असते, चाके मात्र कधी थांबतात, कधी फिरतात. या दोघांना जोडणारा व हवे तेव्हा तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील हे जड चक्र असते. त्याला टेकून क्लच प्लेट, म्हणजे दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असलेली तबकडी. तिला मागून दाबून धरणारी ती प्रेशर प्लेट. हा दाब एका पोलादी, पाकळ्यापाकळ्यांच्या ताटलीसारख्या स्प्रिंगचा असतो आणि लहान गाडीतही तो काहीशे किलोंच्या घरात असतो. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या पाकळ्यांवर रेटले जाते, पकड सुटते, आणि इंजिन मोकळे फिरू लागते.

काहीशे किलोंचा दाब पायाने कसा सुटतो? तरफेमुळे. पेडल ही एक तरफ, आत गिअरबॉक्सपाशी असलेला फोर्क ही दुसरी, स्प्रिंगच्या पाकळ्या ही तिसरी. पाय अर्धी वीत खाली जातो तेव्हा आत प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरते. जोर वाचतो, त्याची किंमत अंतराच्या रूपाने मोजावी लागते. म्हणूनच काही कारागीर फोर्कचा दांडा लांब करून क्लच ‘हलका’ करून देतात, त्या फंदात पडू नये. पेडल हलके होते खरे, पण प्रेशर प्लेट पुरेशी सरत नाही, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि गिअर टाकताना करकर ऐकू येते. बिनव्याजी कर्ज मी तरी छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणाला दिले नाही.

पायाचा जोर पेडलपासून फोर्कपर्यंत पोहोचवण्याच्या दोन रीती आहेत. एक पोलादी वायरची, म्हणजे केबलची. मारुती ८०० मध्ये हीच होती आणि अनेक लहान गाड्यांत ती आजही आहे. दुसरी तेलाच्या दाबाची, म्हणजे हायड्रॉलिक. आपली गाडी कोणत्या रीतीची आहे हे मालकाला ठाऊक असावे, कारण दोन्हींची दुखणी वेगळी असतात.

हायड्रॉलिक क्लचचे दुखणे बहुधा जडपणाचे नसते, पोकळपणाचे असते. पेडल स्पंजावर पाय ठेवल्यासारखे लागते, दोन-तीनदा दाबल्यावर कुठे पकड येते. याचा अर्थ नळीत हवा शिरली आहे किंवा एखादे रबरी सील गळते आहे. यात वापरतात ते ब्रेकचेच तेल. ते हवेतील ओल शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे असा संकेत आहे. पुष्कळ गाड्यांत ब्रेक व क्लच यांची तेलाची डबी एकच असते. ती वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी, नुसती भरत राहू नये. आणि त्यात इंजिन ऑइल घरातले आहे म्हणून कधीही ओतू नये. सीले फुगतात आणि तोच दोष ब्रेकपर्यंत जाऊ शकतो.

आमची गाडी वायरची निघाली.

प्रथम एका गॅरेजमध्ये दाखवली. तेथील कारागिराने पेडल एकदा दाबले आणि निकाल दिला, “प्लेट गेली. पूर्ण सेट बदलावा लागेल.” खर्च साडेसात हजार, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी धरून. तसे म्हटले तर त्याचे म्हणणे निराधार नव्हते. प्लेटचे अस्तर झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि त्या दाबायला अधिक जोर लागतो. झिजलेला क्लच जड होतो आणि नवा सेट टाकल्यावर पेडल एकदम हलके लागते, हे खरे आहे. पण तपासणीशिवाय निदान मला पटेना. त्याने तोवर वायरच्या तोंडाशी थोडे तेल सोडून दिले. आठवडाभर बरे वाटले. नंतर पेडल पूर्वीपेक्षाही जड झाले. पुढे कळले की आजकालच्या बऱ्याच वायरींच्या आत प्लास्टिकचे अस्तर असते. त्यांना तेल लागत नाही, उलट तेलावर धूळ बसते आणि तिचा गाळ होतो. आपल्याकडील उन्हाळी फुफाट्याला तर निमित्तच हवे असते.

त्यानंतर मेहकरला एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ कमी बोलतात. त्यांनी आधी प्लेटची परीक्षा घेतली, ती सांगण्याजोगी आहे. सपाट मोकळ्या जागेत, समोर-मागे कोणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि किंचित अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळू सोडायचा. इंजिन आचका देऊन बंद पडले तर प्लेटची पकड शाबूत. इंजिन चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट तापून जळते. आमचे इंजिन तत्काळ बंद पडले. “प्लेटला काही झालेले नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी बॉनेट उघडून वायरचे गिअरबॉक्सकडचे टोक सोडवले आणि मला सांगितले, “आता पेडल हाताने दाबा.” टोक सुटल्यावर पेडलला स्प्रिंगचा विरोध उरलेला नसतो, ते सहज जायला हवे. ते अडत-अडत गेले. मग त्यांनी पेडलकडचेही टोक सोडवले. आता नुसते पेडल बोटाने ढकलले तरी झुलत होते. म्हणजे पेडल निर्दोष, प्लेट निर्दोष, दोष मधल्या दीड-दोन हात वायरमध्ये. साडेसात हजारांचा प्रश्न पाच मिनिटांत दोन टोके सोडवून सुटला. मला एखादी न जुळणारी जमाखर्चाची बेरीज खंडाखंडाने तपासत नेमक्या नोंदीपाशी पोहोचल्याचे समाधान झाले.

वायर बिघडली कशी, हेही त्यांनी दाखवले. तिला एके ठिकाणी काटकोनात वळण पडले होते आणि तिथे आतले धागे तुटून अस्तरात रुतले होते. क्लचची वायर नेहमी मोठ्या, मोकळ्या वळणाने न्यावी लागते. वळण जेवढे तीव्र, तेवढे आतले घर्षण अधिक. हे वळण कोणी दिले? दोन पावसाळ्यांपूर्वी बॉनेटमध्ये उंदरांनी विजेच्या तारा कुरतडल्या होत्या. (उंदरांच्या बाबतीत आपल्या घरांतून जे धोरण असते, तेच आमच्याकडेही आहे. त्यामुळे ते निर्धास्त असतात.) तारा जोडणाऱ्याने सगळा जुडगा नीटनेटका दिसावा म्हणून पट्ट्यांनी आवळून बांधला आणि त्यातच क्लचची वायरही बांधून टाकली. काम दिसायला सुबक झाले होते. मी त्याची तारीफही केली होती.

नवी वायर ५५० रुपयांची, मजुरी ३०० रुपये. मिस्त्रींनी ती तिच्या मूळ खोबणीतून नेली, पेडलच्या खिळीला थोडे ग्रीस लावले आणि मग ढिलाई जुळवली. या ढिलाईविषयी दोन शब्द. वायरच्या पेडलला अगदी आरंभी थोडी रिकामी चाल ठेवावी लागते, साधारण १० ते २० मिलिमीटर. अचूक माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ही चाल अजिबात नसेल तर बेअरिंग पाकळ्यांना कायम टेकून राहते, स्वतः झिजते आणि प्लेटची पकडही ढिली करते. फार असेल तर पेडल तळाला जाऊनही क्लच पूर्ण सुटत नाही. मात्र नट आवळून पेडल हलके होत नसते. आवळल्याने पकड पायाच्या कोणत्या उंचीवर येते, तेवढेच बदलते.

गाडी परत आणताना मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट काढून माझ्या हातात दिली. ती होती चालकाच्या पायाखालची मॅट. मूळ मॅटवर सौ.नी अकोल्याहून आणलेली जाड, मऊ, झालरीची मॅट अंथरलेली होती. तिच्यामुळे पेडल तळाला पोहोचत नव्हते. गिअर टाकताना मधूनमधून जी करकर होई तिचे कारण हे होते. सौ.ना हे सांगण्याची जबाबदारी मी चिरंजीवांवर सोपवली.

एका गोष्टीचे मला राहून राहून आश्चर्य वाटत होते, की इतका बिघाड मला कळला कसा नाही? विचार करता ध्यानात आले. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हापासून लांबचा प्रवास मी त्याच रस्त्याने करतो. तो डोणगावजवळूनच जातो. एकदा पाचवा गिअर पडला की तासन् तास क्लचला पाय लागत नाही. गाडी झकास चालते, असे मी अभिमानाने सांगत असे. घसरणारी प्लेट अशा रस्त्यावर उघडी पडते, कारण इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र चढत नाही. जड झालेली वायर तिथे लपून राहते. तिची परीक्षा सोयाबीनच्या दिवसांत, ट्रॅक्टरांच्या रांगेत किंवा आठवडी बाजाराच्या गर्दीत होते. तिथे मिनिटाला दहा वेळा पाय खाली-वर करावा लागतो. माझा गुडघा तिथेच दुखत होता आणि मी हवामानाला दोष देत होतो.

चिरंजीवांनी मध्यंतरी सुचवले होते की, क्लचच नसलेली गाडी घेऊ. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून बिनक्लचच्या पेडलची, आपोआप गिअर बदलणारी गाडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली, हे खरे. पण या एएमटी प्रकारच्या गाडीत क्लच प्लेट असतेच, फक्त ती दाबण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. चढावर ब्रेक न लावता नुसत्या अॅक्सिलरेटरवर ती तोलून धरली तर तिचीही प्लेट तशीच जळते. गुडघ्याचे मोठे दुखणे असेल त्यांनी ती अवश्य घ्यावी. ८५० रुपयांच्या दुरुस्तीवर उपाय म्हणून लाखांची गाडी घेणे मात्र माझ्या हिशेबात बसेना.

वायर बदलून आणली त्या संध्याकाळी मी किल्ली सूनबाईंपुढे ठेवली आणि झाला प्रकार सांगितला. वायरचा तुकडाही दाखवला, काटकोनात मोडलेला. राजूर घाटात मी जे बोललो ते चुकीचे होते, असेही म्हणालो. सुनेपुढे असे बोलण्याची आमच्या पिढीला सवय नाही, शब्द जुळवायला वेळ लागला. त्यांनी तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “बाबूजी, मला वाटले होते माझ्याच पायात जोर नाही.” त्या वाक्याने मला जे वाटले ते येथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्याआधी त्यांनी सीट पुढे घेतली. क्लच पूर्ण तळाला दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, हे त्यांना माहेरी शिकवले होते. सीट मागे असेल तर माणूस बोटांच्या टोकाने पेडल ढकलतो आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो, चवड्याने दाबले तर मांडी काम करते. हे मला तीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. चप्पल काढून त्यांनी बूट घातले. चढावर हँडब्रेक ओढून, पकडीचा बिंदू येऊन गाडी किंचित थरथरली की मग हँडब्रेक सोडायचा, हेही त्यांना येत होते. राजूर घाटात तसे करायला त्या पेडलने वावच दिला नव्हता.

मला मात्र काही सवयी सोडाव्या लागल्या. रस्त्यावर चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही. रेल्वे फाटकापाशी गिअरमध्ये क्लच दाबून बसायचे नाही, न्यूट्रल करायचे. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची नाही. यातली प्रत्येक सवय माझ्यात होती. सूनबाई त्यांतील एकेकीवर बोट ठेवतात आणि मी पूर्तता अहवाल देतो.

गेल्या महिन्यात मलकापूरला पुन्हा जाणे झाले. परतताना त्या चालवत होत्या आणि राजूर घाटाच्या त्याच बाजूला पुढे ऊस नेणारा ट्रॅक्टर थांबला. मी काही बोललो नाही. माझा डावा पाय मात्र समोरच्या मॅटवर जोराने दाबला गेला होता, हे ट्रॅक्टर हलल्यावर आणि आमची गाडी त्याच्यामागे निघाल्यावर मला उमगले. हल्ली गाडी काढायला गेलो की सीट पुढे सरकलेली असते. आधी तिचा दांडा ओढून मागे घ्यावी लागते, मगच मी आत बसू शकतो.